रोजचीच काच

“बाबा, थांबा! माणूस आहे!”

बाबांनी कचकन ब्रेक दाबला. ओल्या रस्त्यावर जीप थोडी घसरली आणि आडवी होता होता थांबली. मांडीवरची पोर दचकून जागी झाली, मागं पाळण्याचे दांडे एकमेकांवर आपटले आणि आईच्या तोंडून “मार्लेश्वरा!” एवढंच बाहेर पडलं.

बोनेटच्या अगदी पुढ्यात, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतलेला एक म्हातारा गुराखी उभा होता. त्याची म्हैस शांतपणे रस्ता ओलांडत होती. म्हातारा मात्र काठी उगारून खिडकीशी आला.

“गाडी हाकतोस का नांगर रे? एवढी म्हस दिसत न्हाय?”

बाबांनी काच खाली केली. “रस्त्याच्या मधोमध चरायला सोडतोस आणि वर मलाच विचारतोस, म्हादबा?”

आवाज ऐकल्यावर म्हाताऱ्यानं काठी खाली घेतली. “कोण, गोविंदा काय? रेवाळ्यांचा? तू हायस होय! मी म्हटलं कोण नवशिका आला. जा बाबा, जा. लेक सासरी चालली काय?”

“लेक आणि नात दोघी.”

“मग सावकाश जा,” म्हादबा म्हणाला आणि म्हशीमागं पावसात दिसेनासा झाला.

दिसेनासा झाला म्हणजे काय, आम्हाला काहीच दिसत नव्हतं. निदान मला तरी. घरातून निघाल्यापासून समोरच्या काचेचं काहीतरी बिनसलं होतं. वायपर इकडून तिकडे जायचा आणि पाणी पुसायच्या ऐवजी काचेवर सायीसारखा पट्टा ओढायचा. समोरून दिवे लावलेला ट्रक आला की तो पट्टा पेटल्यासारखा व्हायचा. मग रस्ता, झाडं, आभाळ सगळं एकमेकांत कालवलेलं. ट्रक गेला की क्षणभर एखादा विजेचा खांब दिसायचा आणि परत वायपर यायचा. किर्र, खट्. किर्र, खट्. माझे पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून दाबून दुखायला लागले होते.

“बाबा, काच पुसू या ना. खरंच काही दिसत नाहीये.”

“काचेला काय झालंय? रोजचीच काच आहे.”

“अहो, सगळं फिसकटलंय.”

“तुला सवय नाही पावसातल्या गाडीची. माझ्यावर सोड. तू पोरीला बघ.”

आणि ते पुन्हा शीळ घालू लागले. बाबा शीळ घालत तेव्हा ते खुशीत आहेत असं घरात सगळे धरून चालत. त्या दिवशी खुशीत असायला कारणही होतं. बाय जन्मली त्याच आठवड्यात माझ्या आजेसासूबाई वारल्या, त्यामुळे बाराव्या दिवशी बारसं झालंच नाही. तीन महिने पोरीला नाव नव्हतं; आम्ही आपले बाय बाय म्हणत होतो. आता सासरी, मलकापूरला, दुपारी बारसं ठरलं होतं. पाळणा माहेरचा हवा, म्हणून बाबांनी सागाचा पाळणा करून घेतला होता आणि त्याला स्वतःच्या हातानं रंग दिला होता. सुयोग, माझा नवरा, गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाला तर बाबांनी फोनवरच त्याला उडवून लावलं. “जावईबापू, पंचवीस वर्षं हा आंबा घाट मी चढतोय-उतरतोय. माझी नात दुसऱ्याच्या गाडीतून घाट चढणार नाही.”

पूर्वी ते वडाप, म्हणजे रस्त्यावरची माणसं भरून नेणारी, जीप चालवायचे. अलीकडं त्याच जीपमधून आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतली मुलं साखरप्याच्या शाळेत सोडायचे. मुलं त्यांना रेवाळेमामा म्हणत. पुढं कोणी बसायचं यावरून रोज सकाळी आमच्या दारात मारामाऱ्या होत.

आई मात्र त्या दिवशी सकाळपासून जागेवर नव्हती. सामान बांधलं, सोडलं, परत बांधलं. बाबा आंघोळीला गेले तेव्हा कुठं नाहीशी झाली, ते मी शोधत राहिले. आणि गाडीत बसल्यापासून तिचं एकच चालू होतं.

“अहो, पाऊस वाढतोय. मागं फिरू या.”

“शुभकार्याला निघालेला माणूस मागं फिरत नाही.”

“सुयोगरावांना बोलावून घेऊ. संध्याकाळी होईल बारसं, काय बिघडतंय?”

“दीडशे माणसं जेवायला बोलावलीत त्यांनी. संध्याकाळी काय शिळं वाढतील?”

“पूल येईल आता. पुलावर पाणी असलं तर?”

“पूल गेला मागंच.”

पूल मागं गेला हे ऐकून तिचा चेहरा जो उतरला, तो मी आरशात पाहिला आणि मला वाटलं, घाटाची भीती. बाईच्या जातीला घाटाची भीती असतेच, असं बाबा नेहमी म्हणत. मलाही त्या दिवशी भीती वाटत होती. मांडीवर तीन महिन्यांचा जीव, समोर दुधाची काच आणि पुढं दरीच्या कडेकडेनं चढत जाणारा रस्ता. मुर्शी गावाची घरं लागली. याच्यापुढं घाट. काहीतरी करून गाडी इथंच थांबवायला हवी, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

बायनंच ते काम केलं. ती भुकेनं जी किंचाळायला लागली ती थांबेचना.

“बाबा, हिला घ्यायला हवं. थांबवा कुठंतरी.”

मग मात्र त्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली. चहाच्या टपरीशेजारी एक बंद दुकान होतं, त्याच्या पुढच्या पत्र्याखाली जीपचं नाक शिरलं. पत्रा ताशासारखा वाजत होता. मी पोरीला अंगावर घेणार म्हणून बाबा आपणहून उतरले. “निवांत पाज. मी चहा सांगतो,” म्हणाले आणि छत्री न उघडताच टपरीकडं गेले. चालताना टपरीच्या बाकड्याला त्यांचा गुडघा लागला. बाकड्याला एक शिवी घालून ते त्यावरच बसले.

बायचं पोट भरलं तसं मी तिला आईच्या खांद्यावर दिलं आणि सीटखालचं फडकं घेऊन खाली उतरले. म्हटलं, बाबा काही म्हणोत, काच मी पुसणारच. बोनेटवर ओणवी झाले आणि जोर लावून फडकं फिरवलं. काच पुसली जायच्या ऐवजी आणखी माखली. पाण्याचे थेंब काचेवर टिकत नव्हते, अळवाच्या पानावरून पळावेत तसे पळत होते. मी बोट फिरवलं. बोट बुळबुळीत. नाकाशी नेलं.

ओवा आणि लसूण. कढवलेलं खोबरेल.

तो वास मी झोपेतही ओळखला असता. गेले तीन महिने रोज सकाळी आई बायला पायावर पालथी घालून त्याच तेलानं चोळत होती. माझ्या लुगड्यांना, दुपट्यांना, केसांना तोच वास होता.

मी मागं वळून पाहिलं. आई गाडीतून उतरून, पोरीला पदराखाली घेऊन माझ्या मागंच उभी होती.

“आई, काचेला तेल आहे.”

आई पोरीची पाठ थोपटत राहिली.

“बायच्या अंगाचं तेल आहे हे.”

“हळू बोल.”

“कुणी लावलं?”

“मीच लावलं.”

आधी मला कळेचना. माझी आई गाडीला हातही न लावणारी बाई. दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा, तोही बाबांच्या हातून घालायची.

“तू? वेड लागलं काय तुला? सगळे मेलो असतो आपण मघाशी!”

“मला वाटलं, पाऊस लागला की काही दिसायचं नाही,” आई टपरीकडं बघत, एका दमात बोलली. “फार तर पुलापर्यंत जातील, शिव्या घालतील आणि मागं फिरतील. मग सुयोगराव येतील न्यायला. एवढंच माझ्या मनात होतं गं. मार्लेश्वराची शपथ, एवढंच.”

“पण मागं कशाला फिरायचं?”

“त्यांना दिसत नाही, विशाखा.”

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. टपरीवाल्याशी बोलणारा बाबांचा मोठा आवाज मधेमधे येत होता. घाटात कुठं दरड आलीय का, विचारत होते.

“म्हणजे?”

“दिसतं, पण धुक्यातनं दिसावं तसं. शिमग्यापासून बघत्ये मी. चहा बशीच्या बाहेर ओततात. माणूस बोलेपर्यंत ओळखत नाहीत. डोळ्यांचं नाव काढलं की ताटावरून उठतात. तुझ्या मोठ्या काकांचा डोळा त्या आपरेशनात गेला ना, ते बसलंय डोक्यात. मी बोलले तर म्हणाले, पुन्हा हे काढलंस तर मुंबईला जाऊन राहीन. आणि रोज सकाळी लोकांची पोरं भरून नेतात. मी दारात उभी राहते ती गाडी परत येईपर्यंत उभीच असते. तिकडं भाकरी करपते. तू बाळंतीण, तुला काय सांगू?”

“मग आज मागं का नाही फिरले? एवढं तेल काचेला, मला काही दिसत नव्हतं—”

“तेच तर,” आई म्हणाली. “मघापासून तेच बघत्ये मी. त्यांना काही वेगळं वाटलंच नाही.”

मी काचेकडं पाहिलं. त्या माखलेल्या, पांढुरक्या काचेकडं. रोजचीच काच आहे, असं ते म्हणाले होते, आणि मला ते हट्टानं बोलतायत असं वाटलं होतं.

“पीठ कुठं आहे?” मी विचारलं.

“कसलं?”

“बायचं. डाळीचं.”

बायच्या पिशवीत हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचा डबा होता. अंगाचं तेल काढायला रोज तेच लावायचो. आईनं पोरीला माझ्याकडं दिलं, पदर खोचला, मूठभर पीठ घेतलं आणि पागोळीचं पाणी घालून काचेवर चोळायला लागली. तळव्यानं, गोल गोल, बायची पाठ चोळायची तशी. मला काही सुचेना म्हणून मी आपली पोरीला हलवत उभी. तेल पिठात उतरलं, पीठ गोळे होऊन खाली पडलं. आईनं पागोळीखाली धरून तांब्या भरला आणि काच धुतली, वायपरची रबरं दोन बोटांत धरून पुसली, परत पीठ, परत पाणी.

“अगं, काय चाललंय?” बाबा दोन हातांत चहाचे ग्लास घेऊन आले. “काच धुताय का भजी तळताय?”

“काच घाण झाली होती,” आई म्हणाली.

“तुम्हा मायलेकींना आज काचेनं झपाटलंय.” त्यांनी ग्लास दिले, फडक्यानं डोकं पुसलं आणि आत बसून वायपर चालू केला. पत्र्यावरून उडणारं पाणी काचेवर आलं, वायपर फिरला आणि काच लख्ख झाली. मला पलीकडच्या करवंदीच्या जाळीतलं पानन् पान दिसलं. घाटाच्या तोंडाशी लावलेल्या फलकावरचं अक्षर दिसलं. डोंगरावरून उतरणारे धबधबे दिसले. माणसाला चष्मा नव्यानं लागावा तसं वाटलं.

“आता?” मी खिडकीशी उभी राहून विचारलं. “आता कशी आहे काच?”

त्यांनी समोर पाहिलं. खरंच, नीट निरखून पाहिलं.

“कशी म्हणजे? होती तशीच आहे,” बाबा म्हणाले. “उगाच पीठ घालवलंत.”

आईनं चहाचा ग्लास बोनेटवर ठेवला. तो तिनं प्यायलाच नाही.

मी काय करावं? टपरीवर चार माणसं होती. त्यांच्यादेखत बाबांना ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हणायचं? बाबांनी तिथल्या तिथं चिडून गाडी घाटात घातली असती. गप्प बसावं तर पोर माझ्या हातात होती. बाय कधी नव्हे ती शांत होती आणि मी तिला कधीच रडू न देणारी आई, पण त्या क्षणी मला वाटलं, रड गं माझ्या बाई, जरा रड.

तिनं नाही रडायचं ठरवलं असावं. मग मीच बोलले.

“बाबा, हिला तुम्ही घेता? घाटात ही माझ्याजवळ राहायची नाही. तुमच्याच खांद्यावर झोपते.”

हे खोटं नव्हतं. तीन महिने संध्याकाळी किरकिर सुरू झाली की ती बाबांच्या खांद्यावरच गप्प व्हायची.

“मी घेतो. आणि गाडी कोण चालवणार, ही?” त्यांनी हसून पोरीच्या गालाला बोट लावलं.

“मी.”

बाबांचं हसू तसंच राहिलं. “तू? घाटात? या पावसात?”

“लायसन्स आहे माझ्याकडं.”

“लायसन्स काय, रेशन कार्डासारखं कपाटात ठेवलंयस. लग्नानंतर कधी बसलीस गाडीवर?”

“शिकवली कुणी होती?”

“कुणी म्हणजे?”

“तुम्हीच ना? शाळेच्या मैदानावर, ह्याच जीपवर? मग स्वतःच्या शिकवण्यावर भरवसा नाही का तुमचा?”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या आईच्या दिशेनं पाहिलं. आई काहीच बोलली नाही. एरवी ती कधी गप्प बसली नसती; माझ्या हातात गाडी म्हटल्यावर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. बाबांना ते कळलं असणार. स्टिअरिंगवरून त्यांचे हात लगेच निघाले नाहीत. अंगठ्यानं ते त्याची कड चोळत राहिले.

मग खाली उतरले.

“आधी सीट पुढं घे,” ते म्हणाले. “आरसा लाव. मग किल्लीला हात लाव.”

घाट सुरू झाला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. बाबा शेजारी, बाय त्यांच्या खांद्यावर. आई मागं, तिचं काही ऐकू येत नव्हतं, पण तिच्या बांगड्या पाळण्याच्या दांड्यावर सारख्या किणकिणत होत्या.

“दुसरा टाक. आता डावं वळण येईल, मोठं. हॉर्न मार. मार गं! … आता लगेच उजवं. इथं रस्त्याला खाली खड्डा असतो, डोंगराच्या बाजूनं घे. … आता जरा सरळ आहे, श्वास घे.”

ते बोलत होते तसाच रस्ता येत होता. वळणामागून वळण, मोरीमागून मोरी. मी समोर बघत होते आणि ते तर बायच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसले होते. एकदा मी चटकन त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनी ते मला घाट सांगत होते, एकही वळण न चुकता. पंचवीस वर्षांचा घाट. मघाशी मुर्शीपर्यंतही ते असेच आले असणार, आणि कित्येक दिवस शाळेपर्यंतही असेच जात असणार.

“काच आतून धुरकटली असेल,” मधेच म्हणाले. “चौघांचा श्वास आहे. तुझ्या बाजूची खिडकी बोटभर उघड. हातानं पुसू नकोस, फराटे दिसतात मग.”

मी उघडली. गार वारा आत आला आणि काचेवरची वाफ कडेकडून हळूहळू विरत गेली.

“आता तिसरा टाक,” बाबा म्हणाले. “इथून पुढं चांगला सरळ पट्टा आहे. जाऊ दे जोरात, ट्रकवाले मागं लागतात.”

वळण संपलं आणि मी सगळ्या बळानिशी ब्रेक दाबला.

“काय झालं?” बाबा ओरडले. “का थांबलीस? सरळ आहे ना इथं!”

डोंगराच्या बाजूनं दरड आली होती. तांबडी माती अर्ध्या रस्त्यावर पसरली होती आणि तिच्यात म्हशीएवढाले दोन काळे दगड बसले होते. एक झाड मुळांसकट आडवं. नुकतंच झालं असावं. मातीतून अजून पाणी वाहत होतं. दरीच्या बाजूला एक गाडी जाईल एवढीच वाट उरली होती.

“बाबा, दरड आलीय.”

“कुठं?”

दगड आमच्यापासून दहा पावलांवर होते. काच लख्ख होती, वायपर काम करत होता, आणि बाबा पोरीला छातीशी धरून पुढं वाकले होते. कपाळ काचेला टेकेल इतके पुढं. डोळे बारीक करून ते समोर शोधत होते.

“कुठं, विशाखा?” त्यांनी पुन्हा विचारलं. आता आवाज मोठा नव्हता.

“अहो, समोरच आहे,” आई मागून म्हणाली.

ते तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश मागं टेकले. बाय झोपेत चुळबुळली, त्यांनी तिला थोपटलं.

“वाट आहे का?”

“आहे. दरीच्या बाजूनं.”

“कड खचलीय का बघ. डांबर तुटलेलं असेल तर जाऊ नको.”

“नाही तुटलेलं.”

“मग पहिल्यावर टाक. क्लच अर्धा सोड. थांबू नको मधे. दरीकडं बघू नको, दगडाकडं बघ.”

मी दगडाकडं बघितलं. जीप रखडत, चिखल उडवत पुढं झाली. उजवीकडचा आरसा हवेत तरंगल्यासारखा वाटला. मग चाकाखाली परत घट्ट डांबर आलं. आई रडत होती. मी नाही रडले, कारण मला समोरचं दिसायला हवं होतं.

घाटमाथा आला. आंबा गाव मागं पडलं, पाऊस बारीक झाला. मग बाबाच म्हणाले,

“तेल तू लावलंस ना गं?”

आईच्या बांगड्या थांबल्या.

“चहा घेऊन काचेपाशी आलो तेव्हा वास आला. म्हटलं, बायच्या अंगाचा वास काचेला कसा येईल?”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू?”

“पोरं बसवता हो तुम्ही गाडीत,” आई म्हणाली. “लोकांची पोरं.”

“एकेकाचा आवाज ओळखतो मी.”

“आवाज ओळखून गाडी चालते का?”

मलकापूर येईपर्यंत बाबा बायच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसून राहिले, आणि सोमवारी सकाळी पुन्हा आमच्या दारात मुलं येतील तेव्हा काय होईल, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही केल्या कळेना.

सासरच्या दारात सगळे वाटच पाहत होते. मी गाडी लावली तर आमचे आण्णा, म्हणजे सासरे, कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसले.

“आयला, काय जमाना आला बघा! सूनबाई डायवर आणि व्याही पोर खेळवत्यात! काय पाव्हणं, घाटाला भ्यालासा का?”

सगळे हसले. मी बाबांकडं बघायचं टाळलं.

“तुमच्या नातीला माझीच मांडी लागते, आण्णा,” बाबा हसत म्हणाले. “आता तुम्ही घेऊन बघा. गप्प राहिली तर पुढच्या वेळी गाडी मी चालवतो.”

आण्णांनी घेतलं आणि बायनं जो सूर लावला, तो आतल्या बायकांपर्यंत पोचला. बाबांची बाजू राहिली. मग पाळणा जोडला, फुलं बांधली, बायका पाळणा म्हणाल्या, माझ्या नणंदेनं कानात कुर्र करून नाव सांगितलं: रेवती. जेवणं झाली. बाबा पंगतीत नीट जेवले. आई त्यांच्या शेजारी बसली होती आणि वाढणारीनं काय काय वाढलं ते हळू आवाजात सांगत होती. “कोशिंबीर डावीकडं आहे. कढीचा द्रोण पानाच्या वर.” कुणाच्या लक्षात आलं नाही.

निघायची वेळ झाली. किल्ली बाबांच्या खिशात होती. सुयोगला मी स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मी नेऊन सोडतो. पण बाबा ऐकतील का? आम्ही बाहेर आलो तर बाबा जीपपाशी उभे होते. काचेवरून हात फिरवत होते. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

“सुयोगराव,” त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. “गाडी राहू दे इथं. पोरीला डोस द्यायला न्यावं लागतं, पाऊसपाणी असतं. ही चालवते चांगली.”

“आणि तुमची शाळेची पोरं वो?” आण्णांनी विचारलं.

“मुळ्यांच्या बाबल्याला फोन केला मघाशी. सोमवारपासून त्याची गाडी येईल.”

“अन् तुम्ही काय करणार?”

“मी?” बाबा म्हणाले. “मला कोल्हापूरला जायचंय एकदा. डोळे दाखवायला.”

आईनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि दुसरीकडं बघायला लागली.

त्यांना एसटीवर पोचवायला मी आणि सुयोग गेलो. स्टँडवर ही गर्दी. पाऊस उघडला होता, पण डबक्यांतून माणसं इकडून तिकडे पळत होती. एक लाल गाडी चिखल उडवत आली आणि लोक तिच्या दाराशी झोंबायला लागले. बाबांनी आयुष्यभर लोकांना हाका मारमारून गाडीत बसवलं होतं. आज ते गर्दीच्या कडेला पिशवी घेऊन उभे होते. सुयोग पुढं व्हायला निघाला. मी त्याचा हात धरला.

“अगं,” बाबा आईला म्हणाले. हळू नाही, कानात नाही. शेजारचे दोघेतिघे वळून बघतील एवढ्या आवाजात. “पाटी वाच बघू. मला दिसत नाही.”

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, गर्दीतून पुढं झाली, गाडीच्या कपाळाकडं मान वर केली आणि स्टँडभर ऐकू जाईल अशी एकेक अक्षर वाचू लागली.

“को-ल्हा-पूर… र-त्ना-गि-री.”

“आपलीच आहे,” बाबा म्हणाले, आणि हात पुढं केला.